नटाला अर्धचंद्र

कोपरखैरण्याच्या आमच्या सेक्टरात एक बाग आहे, तिला सगळे नटाची बाग म्हणतात. रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो. नव्या माणसाला वाटतं, इथे कुणा जुन्या नटाचा पुतळा असणार. प्रत्यक्षात तिथे चौथऱ्यावर एक लढाऊ विमान उभं आहे. हवाई दलातून निवृत्त झालेलं, छोटंसं, एका माणसापुरतं. त्याचं नाव नॅट. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चिलट.

ते विमान चांगदेवशेठ मढवींनी आणलं. ते इथल्याच गावठाणातले. शेतांवर शहर उभं राहिलं तेव्हा तेही बांधकामात शिरले. हवाई दल जुनी विमानं शोभेसाठी देतं असं कुठूनसं त्यांच्या कानावर आलं. मग त्यांनी ओळखी काढल्या, दिल्लीला खेटे घातले आणि एके दिवशी पंख वेगळे, धड वेगळं अशा अवस्थेत विमान ट्रेलरवरून सेक्टरात आलं. मी तेव्हा इथे राहत नव्हतो. हे सगळं ऐकीव आहे, त्यात थोडं कमीजास्त असेल. पाटी रंगवायच्या वेळी चांगदेवशेठनी पेंटरला नाव तोंडी सांगितलं आणि पेंटरने ऐकलं तसं लिहिलं: 'नट. भारतीय हवाई दल.' पुढे कुणीतरी त्यांना मूळ नावाचा अर्थ सांगितला, तेव्हा ते म्हणाले होते म्हणे, "चिलटासाठी कोन दिल्लीला जातं? नटच बरा हाय."

पाटीवरचा अर्धचंद्र गेला तो गेलाच. लोकांच्या तोंडातूनही गेला. सेक्टरातलं हौशी नाट्यमंडळ दर पाच नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विमानाच्या पुढच्या चाकाशी नारळ फोडतं आणि नाकावर झेंडूचा हार चढवतं. मंडळाचे अध्यक्ष सिताराम नाईक बँकेतून निवृत्त झालेले आहेत, समोर विमान आहे हे त्यांना दिसतं. पण बागेचं नाव नटाचं आहे आणि दुसरीकडे कुठे नारळ फोडू देत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांच्या मजकुरातले काने, मात्रा, वेलांट्या जागेवर बसवण्यात नोकरी गेली. अशा माणसाने रोज त्या पाटीसमोर बसावं ही तशी शिक्षाच. एकदा मी खडूने अर्धचंद्र काढलाही होता. माळ्याने तो पुसला आणि पोरं काहीही लिहितात म्हणून माझ्याचकडे तक्रार केली. मी मान हलवली.

तरी मी तिथेच बसत असे, कारण विमानाच्या डाव्या पंखाखाली एक बाक आहे आणि दुपारी त्या बाकावर एका वाचणाऱ्या माणसापुरती सावली पडते. घरी मला कुणी काही बोलत नाही. पण सून सुचिता घरूनच काम करते, तिच्या मिटिंगा हॉलमध्ये चालतात, आणि मी पान उलटलं तरी तिला पलीकडच्या लोकांची माफी मागावी लागत असेल असं मला वाटत राहतं. बागेत कुणाची माफी मागावी लागत नाही. उजव्या पंखाखाली दिवाळे गावच्या दमयंतीबाई बसतात. सकाळी फाटकाशी मासे विकून झाले की टोपली पालथी घालून त्यावर पाय टेकतात आणि डुलकी काढतात. "काय हाय त्या बुकात येवरं?" असं त्या मला अधूनमधून विचारतात. उत्तर ऐकण्याआधी त्यांना झोप लागते. एवढाच आमचा परिचय, आणि तो मला पुरेसा होता.

गेल्या वर्षी हे सगळं जायची वेळ आली. चांगदेवशेठ वारल्यावर उद्यान समितीचं अध्यक्षपद त्यांच्या मुलाकडे, हितेशशेठकडे आलं. त्यांनी सेक्टरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर केलं की विमान भंगारात काढायचं आणि त्या जागी गाण्यावर नाचणारं कारंजं बसवायचं, पुढे 'आय लव्ह कोपरखैरणे' अशी दिवे लावलेली अक्षरं. खाली टाळ्यांची चित्रं आली. मीही 'नको' लिहायला बोट उचललं, पण आपल्या एकट्याच्या सावलीसाठी सगळ्यांच्या कारंज्याला विरोध करणं मला स्वार्थी वाटलं. दोनदा हितेशशेठच्या ऑफिसात जाऊन आलो. दोन्ही वेळा त्यांच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करून परतलो. आईंचे गुडघे बरे होते.

अशा दिवसांत एका दुपारी कुणीतरी मला म्हणालं, "काका, जरा उठता का? फ्रेममध्ये येताय."

कॅमेरा घेतलेला एक तिशीचा माणूस होता. मी उठलो, माफी मागितली, आणि बाकावर राहिलेलं पुस्तकही उचललं. त्याचं नाव प्रणय. महापेच्या एका कंपनीत नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या विमानांचे फोटो काढायचा. नुसते नव्हे. तो आणि त्याचे मित्र अशा शोभेच्या विमानांभोवती त्या त्या काळाचा देखावा उभा करत: तंबू, वाळूची पोती, कंदील, गणवेशातली माणसं. मग सगळे रांगेत उभे राहून फोटो काढत. त्याने मला मोबाइलवर काही दाखवले. एका विमानाभोवती पहाटेचं धुकं होतं आणि पंखावर बसून एक सैनिक चहा पीत होता. तो सैनिक विमा कंपनीत आहे आणि धुकं ठाण्याच्या एका कॉलेजच्या मैदानात बनवलेलं आहे, हे त्याने सांगितल्यावरही माझा विश्वास बसेना. इतक्या खोट्या गोष्टीचा इतका खरा फोटो मी पाहिला नव्हता.

मी त्याला म्हणालो की घाई करावी, हे विमान आता जाणार आहे. त्याने कारण विचारलं, मी सांगितलं. त्याने विमानाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला की फोटो चांगले आले, सेक्टरातच त्यांचं प्रदर्शन भरवलं, तर लोकांना कळेल आपल्याकडे काय आहे. मग कोण भंगारात काढील? मला हे फार साधं वाटलं, पण माझ्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं.

त्याने विचारलं, या विमानाबद्दल इथे कुणाला माहिती आहे का. मी म्हणालो, थोडंफार वाचलंय. एवढ्यावर तो मला सल्लागार म्हणू लागला.

हितेशशेठची परवानगी त्याने फोनवर काढली. शेठ कुटुंबाला घेऊन एकवीरेच्या दर्शनाला निघाले होते. बागेत शूटिंग करायचंय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "प्री-वेडिंग काय?" प्रणय सांगू लागला की नाही, विमानाचं. तर ते म्हणाले, "इमानासमोर पन करतात. करा, फुलं नका तोडू." आणि फोन ठेवला. आमच्या बागेत खरंच दर आठवड्याला एखादं जोडपं पंखाखाली एकमेकांकडे बघत उभं असतं, त्यामुळे त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

सल्लागार म्हणून मी कसा होतो ते प्रणयला विचारायला हवं. देखावा ठरला होता एकाहत्तरच्या युद्धातला, पूर्व सीमेजवळच्या एखाद्या धावपट्टीवरचा. तो विचारी, विमानाचा रंग कुठला होता? मी म्हणे, चंदेरी असावा. पण युद्धाच्या धामधुमीत काहींना हिरवा-करडाही दिला असावा. तंबू कुठल्या बाजूला? डावीकडे असावा. माणसांच्या डोक्यावर टोपी होती का? असावी. शेवटी तो म्हणाला, "काका, तुमचं 'असावं' जरा बाजूला ठेवा ना. कॅमेऱ्याला 'असावं' दिसत नाही." मी प्रयत्न केला. पण छापखान्यातली सवय. लेखकाची मूळ प्रत समोर नसेल तर खात्रीने काही सांगायचं नाही, हे हाडात मुरलं होतं.

रंग हिरवा-करडा ठरला. गणपतीच्या मखराला देतात तो पाण्यातला रंग आणला, म्हणजे नंतर धुऊन काढता येईल. विमानावर वर्षानुवर्षं लोखंडी फाटकांना देतात तो चंदेरी रंग चढलेला होता, तो दोन हात मारल्यावर झाकला गेला. चौथऱ्याच्या कडांना माती लोटली, वर गवत अंथरलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उलट्या करून वाळू भरली, कंपनीचं नाव आत गेलं. मागच्या उंच इमारती लपवायला गोणपाटाचे पडदे बांधले. उरलेलं काम धुराने करायचं होतं. धुराचं यंत्र हळदीच्या समारंभाचं डेकोरेशन करणाऱ्याकडून आणलं. त्यात आधीच्या नवरीच्या आगमनाचं गुलाबाचं अत्तर राहिलेलं असल्यामुळे संध्याकाळी ते सुरू केल्यावर पूर्व आघाडीवर गुलाबाचा घमघमाट सुटला. फाटकावर दोन बायका कुणाचं लग्न आहे म्हणून विचारून गेल्या.

मग अडचण आली ती वैमानिकाची. प्रणयच्या मित्राने गणवेश शिवून आणला होता, पण तो शिवल्यानंतर मित्र सुटला होता. चेन मध्येच थांबली. बाकीच्यांपैकी कुणाला उंची नव्हती, कुणाला दाढी होती. सगळे एकेकाकडे बघता बघता माझ्याकडे बघू लागले. मी आयुष्यभर बारीक आहे, त्यात माझं काही कर्तृत्व नाही.

मी नको म्हणालो. माझं वय सांगितलं. प्रणय म्हणाला, "काका, चेहरा नाही घेत. पाठीमागून घेणार. तुम्ही फक्त विमानाकडे चालत जायचं आणि पंखाला हात लावून थांबायचं. हे तर तुम्ही रोजच करता."

हे खरं होतं. मी गणवेश घातला, डोक्यावर शिरस्त्राण घातलं. चष्मा आत बसेना, तो खिशात ठेवला. ओलसर मातीवरून, गुलाबाच्या धुरातून मी विमानाकडे चालत गेलो. मागे कॅमेऱ्यांचा टकटकाट सुरू झाला. चष्मा नसल्यामुळे मला पडदे दिसत नव्हते, इमारती दिसत नव्हत्या, पाटीही दिसत नव्हती. नुसतं धूसर हिरवं विमान होतं. मी पंखाला हात लावला. आपण आता निघणार आणि कदाचित परत येणार नाही, असं काहीतरी मनात आलं. ते कुठून आलं मला माहीत नाही. मग कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि प्रणय म्हणाला, झालं काका, मस्त. दुसऱ्या दिवशी पाइप लावून विमान धुतलं. रंग गटारात गेला, चंदेरी नट पुन्हा चौथऱ्यावर उभा राहिला. त्याच्या नाकावर कावळा येऊन बसला.

प्रदर्शन समाजमंदिराच्या हॉलमध्ये भरलं. फोटोंखालचा मजकूर माझ्याकडे होता. आयुष्यात पहिल्यांदा मजकूर माझा आणि मुद्रितंही माझीच. प्रत्येक फोटोखाली मी लिहिलं: 'नॅट. पूर्व आघाडी, १९७१.' अर्धचंद्र नीट काढून घेतला. छापणाऱ्याने एकदा तो गाळला होता, तेव्हा मी सगळ्या पट्ट्या पुन्हा छापायला लावल्या. इतका ठामपणा माझ्यात कुठून आला कोण जाणे. 'पुनर्निर्मित दृश्य' असंही प्रत्येक फोटोखाली टाकावं असं मी सुचवलं होतं, पण प्रणय म्हणाला, त्याने फोटोची मजा जाते, दारातच एक मोठा फलक लावू. फलक लावलाही. मात्र त्याच दिवशी हितेशशेठचा वाढदिवस होता. कार्यकर्त्यांनी त्यांचा हात जोडलेला बॅनर आणला आणि दारात फलकाचा आयता खिळा होता, त्यावरच लावला.

आत लोक गप्प होऊन बघत होते. आमच्या सेक्टरात लोक गप्प होणं ही साधी गोष्ट नाही. सुचिता माझ्याबरोबर आली होती. वैमानिकाच्या पाठमोऱ्या फोटोपुढे ती जरा थांबली आणि म्हणाली, "बाबा, हा माणूस चष्मा विसरल्यासारखा उभा आहे ना?" मी म्हणालो, असेल. दमयंतीबाई टोपली बाहेर ठेवून आत आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, ओळखलं का? त्यांनी फोटोजवळ तोंड नेऊन पाहिलं.

"यो आपला न्हाय," त्या म्हणाल्या. "आपला नट कवा येवरा रुबाबदार व्हता?"

मी त्यांना सांगणार होतो, पण तेवढ्यात हितेशशेठ आले. ते फोटोंपुढून हळूहळू चालत गेले. पाठमोऱ्या वैमानिकापुढे ते इतका वेळ उभे राहिले की मागच्या कार्यकर्त्यांनी हातातले मोबाइल खाली घेतले. नंतर सत्कार झाला आणि माइक हातात आल्यावर शेठ म्हणाले की आज त्यांना लाज वाटली. देशात अशी विमानं होऊन गेली, अशी माणसं होऊन गेली, आणि आपण बागेत काय ठेवलंय? असं विमान पाहिजे आपल्या बागेत. टाळ्या पडल्या. प्रणयने पुढे येऊन सांगायला हवं होतं, पण तो त्या वेळी खाली पार्किंगमध्ये वाढदिवसाच्या केकची गाडी लावून घेत होता. कार्यकर्त्यांपुढे त्याचं काही चाललं नव्हतं.

मी हात वर केला असावा, कारण माइक माझ्याकडे आला.

"बोला, वामनकाका," हितेशशेठ म्हणाले. "तुमी जानकार. हा फोटोतला नि आपल्या बागेतला, एकच काय?"

 प्रश्न एक नव्हता, दोन होते. फोटोत उभं होतं ते विमान बागेतलंच, हे मला माहीत होतं. पण शेठना फोटो एकाहत्तरचा वाटत होता. म्हणजे बागेतलं विमान त्या युद्धात होतं का, असं ते विचारत होते. आणि ते मला माहीत नव्हतं. कुठल्या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं?

"एकच असावं," मी म्हणालो.

"असावं म्हंजे? हाय का न्हाय?"

"म्हणजे एका अर्थी... माझ्या समजुतीप्रमाणे तेच असावं. मूळ नोंदी काही मी पाहिलेल्या नाहीत."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. तेव्हा सिताराम नाईक उठले. बँकेत त्यांनी सह्या ताडून बघायचं काम केलेलं आहे. त्यांनी मोबाइलमधून बागेच्या पाटीचा जुना फोटो शोधून काढला, तो भिंतीवरच्या मजकुराशेजारी धरला, आणि म्हणाले, "शेठ, यात वाद कसला? आपल्याकडे आहे तो नट. हा नॅट. मात्रा वेगळी म्हणजे मॉडेल वेगळं."

सगळ्यांनी पट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, कारण मजकूर माझा होता आणि माझ्या मजकुरात चूक नसते हे सेक्टराला माहीत आहे. गणपतीच्या वर्गणीच्या पत्रकापासून श्रद्धांजलीच्या फलकापर्यंत सगळं माझ्या हाताखालून जातं. मी तोंड उघडलं, पण माइक पुढे गेलेला होता आणि केक आला होता.

मराठीत एखाद्याला गचांडी धरून बाहेर काढण्याला अर्धचंद्र देणं म्हणतात. इतकी वर्षं त्या विमानाला एक अर्धचंद्र मिळावा म्हणून मी झुरत होतो. शेवटी तो मी माझ्या हाताने दिला.

केक खाता खाताच समितीचा ठराव झाला. कारंजं रद्द. बागेसाठी फोटोतलं नॅट विमान मिळवायचं, त्यासाठी शेठ स्वतः दिल्लीला जाणार. जुन्या नटाचं काय, असं कुणीतरी विचारलं. हितेशशेठनी विचार करून सांगितलं की नवीन येईपर्यंत तो राहू दे. चौथरा रिकामा ठेवला तर कोणीतरी रात्रीत देव बसवील, आणि मग तो काही हलायचा नाही. हे सर्वांना पटलं.

मी घरी येऊन खुर्चीत बसलो. मला उशिराच कळलं. फोटोतलं विमान कधीच मिळणार नव्हतं, कारण ते चौथऱ्यावरच होतं. आणि ते मिळेपर्यंत चौथऱ्यावरचं विमान हलणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणय बाकापाशी आला. रागावलेला होता. त्याच्या मेहनतीला लोकांनी जुना फोटो समजावं, म्हणजे त्याने काहीच केलं नाही असं झालं. तो तसाच हितेशशेठकडे निघाला होता, फक्त मला बरोबर चला म्हणायला आला होता.

"सांगू नकोस," मी म्हणालो.

तो दचकला. मीही जरा दचकलो. या वाक्यात 'असावं' नव्हतं, 'कदाचित' नव्हतं.

"काका, तुम्ही प्रूफरीडर ना? चूक दिसतेय आणि ती ठेवायची?"

"ठेवायची."

"पण हे खोटं आहे."

"फोटो तरी खरा कुठे होता?" मी म्हणालो. मग त्याला सगळं समजावलं. समजावताना माझी नजर बाकावरच्या सावलीकडे जात होती, ती त्यालाही दिसली असणार. तो हसायला लागला. म्हणाला, जगातलं हे एकमेव विमान असेल, जे स्वतःच्या बदलीवर येणाऱ्याची वाट बघतंय. नंतर त्याने मला पुन्हा बाजूला व्हायला सांगितलं आणि नुसत्या चंदेरी विमानाचा, कावळ्यासकट, एक फोटो काढला.

त्यानंतरचे दिवस फार चांगले गेले. मी डाव्या पंखाखाली, दमयंतीबाई उजव्या पंखाखाली. हितेशशेठ दिल्लीला जाऊन आले. तिथे कुणी त्यांना म्हणालं, तुमच्याकडे ऑलरेडी एक दिलेलं आहे. शेठ म्हणाले, तो नट. तिकडची माणसं बुचकळ्यात पडली आणि पुन्हा या म्हणाली. हे सगळं मला ग्रुपवर वाचायला मिळत असे. मी अंगठा दाखवत असे.

गणपती झाल्यावर एका दुपारी हितेशशेठ एकटेच बागेत आले. बरोबर कार्यकर्ते नव्हते. दमयंतीबाई त्या दिवशी लवकर गेल्या होत्या. ते त्यांच्या जागी न बसता माझ्याच बाकावर बसले. मी पुस्तक मिटलं आणि त्यांच्या आईंच्या गुडघ्यांची चौकशी केली. त्यांनी ती ऐकली नसावी.

"काका, बाबांना फसवलं," ते म्हणाले.

मी पुस्तक बाजूला ठेवलं.

"मागितला असंल नॅट, गल्यात मारला नट. बाबा शिकलेले न्हवते, त्यांना काय कलतंय मात्रा न् बित्रा. येवरा खर्च केला, गावजेवन घातलं, आनि आख्खा जन्म या डबड्याला सलाम करीत बसले. पंदरा ऑगस्टला मला उचलून दाखवायचे, बघ बोलायचे, लढून आलाय. मी पन मग शालेत सांगायचो. पोरं हसायची." त्यांनी चौथऱ्याकडे पाहिलं. "शेवटी शेवटी बाबा बोलले ना, ह्याला सांभाल. आनि मी मनात बोललो, गेलात की पैला हाच काढतो. आता वाटतं, बरं झालं, त्यांना कललं न्हाय."

सावली आमच्या दोघांच्या गुडघ्यांपर्यंत आली होती. मी खरं सांगितलं तर कारंजं येणार, हे मला कळत होतं. दिवे लावलेली अक्षरं येणार. मी उरलेल्या दुपारी सुचिताच्या मिटिंगांत पानं न उलटता बसणार. न सांगितलं तर काहीच होणार नव्हतं. फक्त एक मेलेला माणूस मूर्ख ठरून राहणार होता, आणि त्याचा मुलगा तसंच समजून म्हातारा होणार होता.

"तुमच्या बाबांना कुणी फसवलं नाही," मी म्हणालो. "त्यांनी नॅटच आणला. हाच तो नॅट आहे. पाटी चुकलेली आहे."

मी 'आहे' म्हणालो. दोनदा म्हणालो. हितेशशेठ माझ्याकडे वळले.

मग मी सगळंच सांगितलं. धुऊन जाणारा रंग, गोणपाट, हळदीवाल्याचं धुराचं यंत्र, बॅनरखाली गेलेला फलक. ते ऐकत होते. मध्येच त्यांचे डोळे भरले, आणि मला वाटलं, पटलं.

"आणि तो वैमानिक," मी म्हणालो, "तो मी आहे."

इथे ते हसले. मोठ्याने नाही, अगदी मायेने. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. त्यावर तोच फोटो लावलेला होता. "काका, ह्याची पाठ बघा. हा मानूस मरायला चाललाय आनि ताठ हाय. तुमी रस्ता क्रॉस करताना तीनदा मागं येता."

"चष्मा नव्हता म्हणून," मी म्हणालो.

"कलतं मला," ते म्हणाले. "बाबांचं नाव खराब होऊ नये म्हनून तुमी हे सगलं बोलता. त्या दिवशी माइकवर पन तुमी तेच करीत होता. असावं, असावं. मला तवाच कललं, काका मन राखतात." ते उठले, आणि मला काही कळायच्या आत वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला. "टेन्शन घेऊ नका. मी आनतोच नॅट. बाबांनी मागितला ना, मग आनतो. तवर हा राहूदे. तुमची पन बसायची सोय हाय."

ते गेले. मी प्रणयला फोन लावून विचारलं की शूटिंगच्या वेळी तयारीचे, रंगकामाचे काही फोटो काढले होते का. तो म्हणाला, सगळे पुसले, काका. मागचा पसारा दिसला की देखाव्याची मजा जाते.

पुढच्याच आठवड्यात समितीचा पेंटर आला. चौथऱ्यापुढे त्याने दुसरी पाटी रोवली, जुन्या पाटीपेक्षा मोठी. निळ्यावर पांढरी अक्षरं, आमच्याकडे दर मोकळ्या प्लॉटवर असते तशी: 'नियोजित नॅट विमानाची जागा.' खाली, 'कै. चांगदेवशेठ मढवी यांच्या स्मरणार्थ.' मागे विमान उभं होतं. पेंटरने ब्रश पुसत मला हाक मारली. शेठनी सांगितलं होतं, काकांना दाखवल्याशिवाय सोडू नकोस.

मी पुस्तकात बोट घालून उठलो, पाटीजवळ गेलो, आणि अक्षरन्‌अक्षर वाचलं. नियोजित, ऱ्हस्व. नॅट, अर्धचंद्र जागेवर.

"बरोबर आहे का?" पेंटरने विचारलं.

"आहे," मी म्हणालो, आणि सावलीत परत जाऊन बसलो.